शिल्लक भ्रूण दुसऱ्या जोडप्याला का देता येत नाहीत?

सई_कोथरूड
नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे म्हणून आधीच सांगते, ज्यांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) केलंय किंवा घरात जवळून बघितलंय त्यांनी जरूर लिहा, बाकीच्यांचंही मत हवंय, फक्त "नशिबात असेल ते होतं" असले प्रतिसाद नकोत, ते ऐकून कान किटलेत.

आमची लेक आयव्हीएफची, आता पहिलीत आहे. तिच्या वेळचे काही एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण, फ्रीझ करून ठेवलेत. दुसरं मूल नको हे आमचं दोघांचं पक्कं झालंय. क्लिनिकचा दरवर्षी मेसेज येतो, स्टोरेजचे पैसे भरा, आणि आम्ही भरतो. या वेळी त्याबरोबर एक फॉर्म आला. पुढे ठेवायचे, नष्ट होऊ द्यायचे की संशोधनाला द्यायचे, यातल्या एकावर खूण करा. मी तिथल्या कौन्सेलरना विचारलं की ज्यांना मूल होत नाहीये अशा कुणाला देता येतील का, आम्हाला एक रुपया नको, आमचं नाव कळायला नको. त्या म्हणाल्या, कायद्यात बसत नाही मॅडम.

मला हे पटतच नाहीये. रक्त देता येतं, किडनी देता येते, मरताना डोळे देता येतात. ज्या गोष्टीसाठी मी इंजेक्शनं टोचून घेऊन पोट काळंनिळं करून घेतलं ती टाकून देता येते पण कुणाला देता येत नाही? कायदा खरंच असा आहे का, की क्लिनिक झंझट नको म्हणून टाळतंय? आणि असला तर तो बदलावा असं तुम्हाला वाटतं का?

मंदार_डोंबिवली
वाचतोय. महत्त्वाचा धागा.

वकिली_चष्मा
सईताई, क्लिनिक टाळत नाहीये. असिस्टेड रिप्रॉडक्टिव्ह टेक्नॉलॉजी कायदा २०२१ सालचा, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. त्याच्या कलम २८ नुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं साठवता येतात, मुदत संपली की ते नष्ट होऊ द्यायचे नाहीतर जोडप्याच्या संमतीने नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. दोनच वाटा. पुढचं कलम २९ म्हणतं की बीजं (एग, स्पर्म) आणि भ्रूण यांची विक्री, हस्तांतरण, वापर या सगळ्याला देशात आणि देशाबाहेर बंदी. अपवाद एकच, स्वतःचे भ्रूण स्वतःच्या वापरासाठी हलवायचे असतील तर, आणि त्यालाही या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. म्हणजे तुम्ही उद्या कॅनडाला गेलात तर तुमचे तुम्हाला नेता येतील, शेजारच्या सोसायटीतल्या बाईला मात्र देता येणार नाहीत.

कलम ३३ मध्ये शिक्षा आहे. भ्रूण विकणं, आयात करणं, त्यासाठी एजंटगिरी करणं, पहिल्या वेळी ५ ते १० लाख दंड, पुन्हा केलं तर ३ ते ८ वर्षं तुरुंग आणि वर १० ते २० लाख दंड. इतकी शिक्षा डोक्यावर असताना कुठलाही डॉक्टर तुमच्या चांगुलपणासाठी धोका पत्करणार नाही आणि पत्करूही नये.

आता मला यात खटकतं ते सांगतो. याच कायद्यात डोनर एग चालतं, डोनर स्पर्मही चालतं. दोन्हीकडून अडचण असलेल्या जोडप्याला दोन्ही बँकेतून घेऊन लॅबमध्ये नवा भ्रूण तयार करता येतो, जन्मणाऱ्या बाळाचं त्या जोडप्याशी रक्ताचं नातं नसतं आणि तरी कलम ३१ प्रमाणे ते कायद्याने त्यांचंच मूल असतं. मग तेच नातं नसलेला, आधीच तयार असलेला भ्रूण वापरायला नेमकी हरकत काय? कायद्याच्या मजकुरात मला याचं उत्तर सापडत नाही.

झणझणीत_मिसळ
बाप रे, माहीतच नव्हतं. आमचं आयव्हीएफ झालं तेव्हा इतक्या कागदांवर सह्या केल्या की फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनला तेवढ्या केल्या नसतील, एकही वाचला नाही, हिला भूल देऊन एग काढायला (पिक-अपला) नेत होते आणि मी बाहेर पेन घेऊन उभा. आता फाईल काढून वाचतो.

अनघा_नाशिक
मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे आयव्हीएफ लॅबमध्ये भ्रूणांचंच काम करते, त्यामुळे थोडं आतलं लिहिते.

लोकांना वाटतं फ्रीझरमध्ये बरण्या असतात. तसं नसतं. पाचव्या दिवसाचा भ्रूण, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, साध्या डोळ्यांना जेमतेम टिंबाएवढा दिसतो. प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी असते, तिच्या टोकावर तो अगदी थोड्या द्रवात ठेवायचा आणि लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचा, उणे १९६ अंश. पट्टीवर बाईचं नाव, नंबर, तारीख. जोडप्याप्रमाणे टोपणाचा रंग वेगळा. अशा पट्ट्या टाकीत उभ्या असतात आणि टाकीत नायट्रोजन किती उरलाय ते काठी घालून मोजायचं, रजिस्टरला लिहायचं, दिवाळीच्या दिवशीसुद्धा कुणीतरी येऊन हे करून जातं.

सईसारखी जोडपी माझ्याकडे बरीच येतात. त्याहून जास्त जोडपी अशी, जी येतच नाहीत. पत्र पाठवलं तर परत येतं, फोन लागत नाही, पैसे थकलेले असतात. बाळ झालं, घर बदललं, विषय संपला. काही ठिकाणी मुद्दाम उत्तर देत नाहीत, कारण "नष्ट करा" वर सही करायची हिंमत होत नाही. मला त्यांचा राग येत नाही. सही झाल्यावर काय करतो तर पट्टी टाकीतून बाहेर काढतो, दोघंजण नाव ताडून बघतो आणि टेबलावर ठेवून देतो. खोलीच्या तापमानाला आपोआप संपतं. दोघांच्या सह्या होतात रजिस्टरमध्ये. हे करून झाल्यावर मी बाहेर येते तेव्हा समोर वेटिंगमध्ये एखादी बाई बसलेली असते जिचं आयव्हीएफचं चौथं सायकल फेल गेलेलं असतं. सईचा प्रश्न मला रोज पडतो असं समजा.

रानवारा
माझं मत उलटं आहे, राग नसावा. मी दोन मुलांचा बाप आहे, साधी पद्धत, आयव्हीएफ वगैरे नाही, म्हणून कदाचित मला कळत नसेल. पण सईताई, तुमच्या मुलीची सख्खी भावंडं, अगदी आईबाप दोन्ही सारखे, याच पुण्यात दुसऱ्या घरात वाढणार. एका कॉलेजात येणार. उद्या प्रेमात पडली तर? गुप्तता ठेवायची तर हा धोका, आणि गुप्तता नाही ठेवायची तर ती मुलं अठराव्या वर्षी तुमच्या दारात उभी राहून विचारणार, मला का दिलंत आणि हिला का ठेवलंत. याचं उत्तर तुमच्याकडे आहे?

रक्तदानाशी याची तुलना होत नाही. रक्ताच्या पिशवीला पुढे प्रश्न पडत नाहीत.

मृण्मयी_सातारा
रानवारा, मी त्या वेटिंगमध्ये बसणाऱ्या बायकांपैकी आहे म्हणून तुम्हाला उत्तर देते.

माझं एग रिझर्व्ह संपलंय आणि ह्यांच्या रिपोर्टमध्ये स्पर्म काउंट शून्य. आम्हाला डबल डोनर सांगितलंय, म्हणजे एग आणि स्पर्म दोन्ही दात्यांचे. आता कायदा असा की एग देणारी बाई २३ ते ३५ वयातली हवी, तिने आयुष्यात एकदाच द्यायचं, आणि सातपेक्षा जास्त एग काढायचे नाहीत. त्या बाईंसाठी हे चांगलंच आहे, पूर्वी गरीब मुलींना पुन्हा पुन्हा इंजेक्शनं देऊन काय काय केलं जायचं ते मला माहितीये, त्यामुळे या नियमावर माझी तक्रार नाही. पण त्याचा परिणाम म्हणून डोनर मिळत नाही, मिळाली तर खर्च आमच्या हाताबाहेरचा, तिचा विमाही आम्हीच उतरवायचा. आणि सातातून किती फर्टिलाइज होतील, किती पाचव्या दिवसापर्यंत टिकतील याची काही शाश्वती नाही. आणि त्याच इमारतीत, त्याच टाकीत, कुणाचे तरी चांगल्या ग्रेडचे ब्लास्टोसिस्ट पडलेत जे त्यांना नकोत आणि दोघांनाही ते मला द्यायचेत.

भावंडांचं म्हणाल तर डोनर स्पर्मच्या बाबतीत पूर्वी एकाच डोनरचं किती घरांत गेलं याचा पत्ता नव्हता. आता एका डोनरचं एकाच जोडप्याला द्यायचं असा नियम आहे ना? मग भ्रूणांनाही तोच लावा, एका घरातून एकाच घरात. राष्ट्रीय रजिस्ट्री आहे, तिथे नोंद ठेवा.

वकिली_चष्मा
मृण्मयीताई, बरोबर, कलम २७. एका दात्याचं बीज एकापेक्षा जास्त जोडप्यांना देता येत नाही. तुम्ही सुचवताय ती चौकट कायद्यात आधीच आहे, फक्त भ्रूणापर्यंत आणलेली नाही.

जर्मनीकर_पाटील
स्टुटगार्टहून. इथे नेमकं भारताच्या उलट आहे म्हणून लिहितोय. इथला भ्रूणसंरक्षण कायदा १९९० चा, १ जानेवारी १९९१ पासून लागू. त्यात एग डोनेशनला बंदी आहे, आजही. एका सायकलला तीनपेक्षा जास्त भ्रूण गर्भाशयात सोडता येत नाहीत. नाझी काळात माणसांवर जे प्रयोग झाले त्याची धास्ती इथल्या लोकांच्या हाडात आहे, त्यामुळे भ्रूण म्हटलं की कायदा फार कडक. पण शिल्लक राहिलेला भ्रूण दुसऱ्या जोडप्याला द्यायला मनाई नाही! तर्क असा की भ्रूण तयार झालाच आहे तर त्याला मरू देण्यापेक्षा जगायची संधी द्या, फक्त दुसऱ्याला देण्यासाठी म्हणून मुद्दाम तयार करू नका. २०२० मध्ये बव्हेरियातल्या वरच्या कोर्टाने यात आणखी बारीक रेष ओढली, की पूर्ण तयार झालेला भ्रूण देता येईल पण फलन पुरं व्हायच्या आधीच्या अवस्थेत गोठवलेलं बीज दान करण्यासाठी म्हणून वितळवून पुढे वाढवायचं नाही.

म्हणजे जे तिथे चालतं ते इथे गुन्हा आणि जे इथे चालतं ते तिथे गुन्हा. आमच्या ओळखीचं एक मराठी जोडपं एग डोनेशनसाठी इथून स्पेनला जाऊन आलं.

लीड्सची_मावशी
इंग्लंडमध्ये सगळं परवानगीने चालतं, १९९० च्या कायद्यापासून. शिल्लक भ्रूण दुसऱ्या जोडप्याला देता येतात. १ जुलै २०२२ पासून साठवण ५५ वर्षांपर्यंत करता येते, फक्त दर १० वर्षांनी संमती नवी करावी लागते. पूर्वी इथेही साधारण १० वर्षांचीच मर्यादा होती. सत्ताविशीत गोठवून सदतिसाव्या वर्षी टाकावे लागायचे म्हणून बायका भांडल्या आणि बदललं.

रानवारा यांनी विचारलेल्या प्रश्नावर इथलं उत्तर असं की दाता निनावी राहत नाही. १ एप्रिल २००५ नंतर दान दिलेल्यांच्या मुलांना अठरा पूर्ण झाल्यावर दात्याचं नाव मागता येतं. २०२३ पासून अशी पहिली मुलं अठरा वर्षांची व्हायला लागली. माझ्या मैत्रिणीने दोन भ्रूण दिलेत, मुलाचा जन्म झालाय एवढंच तिला कळवलंय आणि ती त्या मुलासाठी एक पत्र लिहून ठेवून आलीये. उद्या तो आलाच दारात तर चहा देईन म्हणते. सगळ्यांना जमेल असं नाही, पण जमणारी माणसं असतात.

कोलवाळची_मारिया
मी गोंयची, म्हापशाजवळची, शाळा मराठीतून झाली त्यामुळे इथे वाचते, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या चर्चची शिकवण आयव्हीएफलाच नको म्हणते आणि त्याचं कारणच हे आहे, की जास्तीचे जीव तयार होतात आणि मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. २००८ च्या व्हॅटिकनच्या पत्रकात गोठवलेल्या भ्रूणांबद्दल लिहिलंय, दुसऱ्या जोडप्याने घेण्याची कल्पना हेतूने चांगली म्हटलीये पण त्यातही अडचणी सांगितल्यात. माझ्या बहिणीने तरीही आयव्हीएफ केलं. पण डॉक्टरला सांगून ठेवलं होतं की जेवढे वापरणार तेवढेच तयार करा, एकही वर ठेवायचा नाही. त्यामुळे तिचा यशाचा चान्स कमी झाला हे तिला माहीत होतं. मला वाटतं हा प्रश्न शेवटी विचारण्यापेक्षा सुरुवातीला विचारायला हवा.

सई_कोथरूड
मारिया, खरंय. आम्हाला सुरुवातीला कुणी विचारलंच नाही. तेव्हा फक्त "जास्त मिळाले तर चांगलंच" एवढंच डोक्यात होतं, सांगणाऱ्यांच्याही आणि ऐकणाऱ्यांच्याही.

रानवारा, राग नाही आला. पण "हिला का ठेवलंत" याचं उत्तर माझ्याकडे आहे. आम्ही निवडलं नव्हतं, लॅबने जो आधी ट्रान्सफर केला, म्हणजे गर्भाशयात सोडला, तो आमच्याकडे आला. हे मी कुणालाही डोळ्यात बघून सांगू शकते.

अतुल_सोलापूर
एक शंका. एम्ब्रियो टेस्ट करतात त्यात मुलगा मुलगी कळतं ना? मग लोक ठरवून घेत नाहीत कशावरून?

अनघा_नाशिक
अतुल, टेस्ट फक्त कुटुंबात असलेल्या आनुवंशिक आजारासाठी वगैरे करता येते, थॅलेसेमियासारख्या. कलम २५. लिंग निवडून ट्रान्सफर करायला कलम २६ प्रमाणे मनाई, आणि त्याची नुसती जाहिरात केली तरी कलम ३२ प्रमाणे ५ ते १० वर्षं तुरुंग किंवा १० ते २५ लाख दंड किंवा दोन्ही. रिपोर्टमध्ये ते लिहायचं नाही, आम्ही सांगत नाही, कृपया कुणी लॅबच्या माणसाला गळ घालू नये. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशात पहिल्यांदा, केंद्राचा त्यानंतर १९९४ ला आला. त्या आधी शहरात कसल्या पाट्या लागायच्या ते आठवणारे इथे असतील.

आजोबा_परळ
मी आहे आठवणारा. गर्भजल परीक्षेच्या जाहिराती उघड लागायच्या. आणि त्याच काळात आमच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) परळच्या संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांचं काम. आख्ख्या परळभर पेढे वाटावेत असा आनंद होता. त्याच्या आठ वर्षं आधी कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखर्जींनी गोठवलेल्या भ्रूणापासून मुलगी जन्माला घातली, ३ ऑक्टोबर १९७८, तेव्हा सरकारी चौकशी समितीने त्यांना खोटं पाडलं आणि १९८१ मध्ये त्या माणसाने जीव दिला. तेव्हा नियम नव्हते तरी माणसं अडली आणि आता नियम आहेत तरी अडतायत. गोठवलेला भ्रूण म्हणजे मला आधी मुखर्जी आठवतात.

मंदार_डोंबिवली
आजोबा, हे वाचून अंगावर आलं. धन्यवाद.

हंट्सव्हिल_देशपांडे
अलाबामात राहतो, दुसरं टोक आम्ही भोगलंय ते सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की गोठवलेला भ्रूणही मूलच, लहान मुलाच्या मृत्यूबद्दल जसा दावा लावता येतो तसा त्याच्यासाठीही लावता येईल. खटला काय होता तर एका हॉस्पिटलमध्ये एक पेशंट साठवणीच्या खोलीत शिरला, हाताला थंडीचा चटका बसून त्याच्याकडून भ्रूण खाली पडले आणि नष्ट झाले. ज्यांचे गेले त्या आईबापांचं दुःख खरंच होतं. पण निकालाचा परिणाम असा की काही क्लिनिकांनी एकेक करून काम थांबवलं. बायकोच्या ऑफिसातल्या मुलीची ट्रान्सफर दोन दिवसांवर होती, औषधं चालू होती, फोन आला की येऊ नका. मार्चमध्ये घाईघाईने क्लिनिकांना संरक्षण देणारा कायदा केला तेव्हा पुन्हा सुरू झालं. भ्रूण म्हणजे काय हे कायद्याने एका वाक्यात ठरवायला गेलं की असं होतं, म्हणून बदल मागताना नीट शब्दांत मागा.

पल्लवी_औरंगाबाद
जरा अवांतर, पण कुणाला माहीत असेल तर सांगा. माझ्या नणंदेचं वय आता पन्नासच्या वर गेलंय, तिचे एम्ब्रियो कायदा यायच्या आधीचे आहेत आणि डॉक्टरांनी तिला सरोगसीच सांगितली होती. वय बसत नाही म्हणून सगळं अडकलंय.

वकिली_चष्मा
पल्लवीताई, ९ ऑक्टोबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, न्या. नागरत्ना आणि न्या. विश्वनाथन यांचा. ज्या जोडप्यांनी २५ जानेवारी २०२२ च्या आधी सरोगसीसाठी भ्रूण गोठवले होते त्यांना सरोगसी कायद्यातली वयाची अट मागे जाऊन लावता येणार नाही असं त्यात म्हटलंय. बाईचं २३ ते ५० आणि पुरुषाचं २६ ते ५५ ही ती अट. बाकीच्या अटी लागू राहतात. भ्रूण कोणत्या तारखेला गोठवले त्याचा क्लिनिककडून लेखी दाखला आधी घ्या, सगळं त्या तारखेवर उभं आहे. पुढचं तिथल्या वकिलाला विचारून करा, हा फोरमवरचा सल्ला आहे.

पल्लवी_औरंगाबाद
खूप खूप आभार दादा. आजच फोन करते तिला.

झणझणीत_मिसळ
फाईल वाचली. एका पानावर असं होतं की दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर भ्रूणांचं काय करायचं, आणि तिथे आमची खूण "नष्ट" वर आहे, ती खूण बहुतेक तिथल्या माणसानेच पेनाने करून ठेवली होती. हिला विचारलं तर ती म्हणाली, तू गेलास तर मला ते हवे असतील. आम्ही दोघं रात्री बराच वेळ यावर बोलत बसलो. आता बदलता येईल का?

आणि आमचा मोठा हे ऐकत होता, त्याला थोडक्यात सांगितलं की तुझ्यासारखे दोघं अजून गार टाकीत आहेत, तर म्हणे त्यांना स्वेटर घातलाय का.

अनघा_नाशिक
घातलाय असं सांगा त्याला :)

बदलता येतं. गोठवताना मृत्यू किंवा असमर्थता आली तर काय करायचं याच्या स्पष्ट सूचना सगळ्यांकडून घ्याव्याच लागतात, आणि गर्भाशयात सोडण्यापूर्वी केव्हाही संमती मागे घेता येते, कलम २२. दोघांनी जाऊन नवीन फॉर्म भरा, जुना रद्द झाल्याचं लेखी घ्या. कुणीही स्वतःच्या हाताने खूण केल्याशिवाय सही करू नका, प्लीज.

रेवती_कुलकर्णी_नव्हे
संमती मागे घेण्यावरून आठवलं, घटस्फोट झाला तर? माझ्या एका मैत्रिणीचं तेच झालंय. भ्रूण आहेत, नवरा "नाही" म्हणतो, आणि तिला कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर स्वतःचे एग राहिलेले नाहीत.

लीड्सची_मावशी
रेवती, अगदी अशीच केस इथे झाली होती, नॅटली एव्हन्स. कॅन्सरमुळे अंडाशय काढायच्या आधी जोडीदाराबरोबर भ्रूण करून ठेवले, नातं तुटलं, त्याने संमती काढून घेतली. ती युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेली आणि २००७ मध्ये हरली. दोघांची संमती शेवटपर्यंत हवी हेच मानलं गेलं. तुझ्या मैत्रिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. ट्रीटमेंटच्या आधी फक्त एग गोठवण्याचाही पर्याय असतो हे तिला कुणी सांगितलं होतं का?

रेवती_कुलकर्णी_नव्हे
नाही सांगितलं. नवीन लग्न होतं, सगळे म्हणाले एम्ब्रियो जास्त टिकतात.

रानवारा
इथलं सगळं वाचून एका मुद्द्यावर माझं मत बदललं नाही पण एका मुद्द्यावर विचार करतोय. मुलाला कळण्याचा हक्क नसेल तर भ्रूणदान नकोच, यावर मी ठाम आहे. आपल्याकडे दाता निनावी राहतो, मुलाला काही कळत नाही. आधी ते बदला. लीड्सच्या मावशींच्या मैत्रिणीसारखं पत्र ठेवायची सोय असेल, रजिस्ट्री त्या मुलासाठी उघडी असेल तर माझा विरोध राहणार नाही.

मृण्मयी_सातारा
मला मान्य आहे. मी माझ्या मुलाला सांगणारच आहे, डबल डोनरचं झालं तरी. लपवायचं कुणापासून?

सई_कोथरूड
संशोधनाला द्यायच्या पर्यायाबद्दल कुणी बोललं नाही. ते नक्की जातं कुठे?

अनघा_नाशिक
कायद्यात आहे की नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यायचं, आणि संशोधनासाठी परदेशी पाठवायला पूर्ण बंदी, कलम ३०. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भ्रूण लॅबमध्ये १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, किंवा शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ (प्रिमिटिव्ह स्ट्रीक) उमटायला लागते तिथपर्यंत, जे आधी असेल ते. पण माझ्या अनुभवात फॉर्मवर "संशोधन" लिहून आलेले आमच्या टाकीतच आहेत, अजून कुणी न्यायला आलेलं नाही. त्यामुळे ती खूण करताना क्लिनिकला विचारा, कुठल्या संस्थेला देणार, नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर समजून घ्या.

सई_कोथरूड
हे कुणीच सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघांनी ठरवलंय की मुदत संपेपर्यंत पैसे भरत राहायचं आणि तोवर या कलमात बदल व्हावा म्हणून काहीतरी करायचं. आमच्या खासदारांना आणि आरोग्य मंत्रालयाला निवेदन पाठवणार आहे. एकटीचं पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून सह्या हव्यात. मृण्मयी, तुझं नाव मी सगळ्यात आधी धरलंय.

मृण्मयी_सातारा
धर. ह्यांचंही धर.

वकिली_चष्मा
मसुदा मी करून देतो. मंत्रालयाला फक्त नियम बदलता येतात, कलम २८ आणि २९ बदलायला संसदच लागते, त्यामुळे खासदारांचं पत्र वेगळं आणि मंत्रालयाचं वेगळं. मागणी थोडक्यात ठेवू: पैसे न घेता, दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने, एका जोडप्याचे एकाच जोडप्याला, नोंदणीकृत बँकेमार्फतच. रानवारा यांचा मुलाच्या माहितीचा मुद्दा मी स्वतंत्र परिच्छेदात घेतो. अनघाताई, लॅबच्या बाजूने काय अडचणी येतील तेवढं लिहून द्याल का, नाहीतर पहिल्याच बैठकीत तेवढ्यावरून बाजूला ठेवतील.

रानवारा
त्या परिच्छेदासाठी माझी सही घ्या. बाकीच्यासाठी पूर्ण मसुदा वाचून सांगतो.

अनघा_नाशिक
देते. मोठी अडचण वयाची आणि तपासण्यांची. एग डोनर ३५ पर्यंतचीच चालते, पण स्वतःसाठी आयव्हीएफ करणारी बाई चाळिशीचीही असते, तिचा भ्रूण दुसऱ्याला द्यायचा की नाही हे कायद्याला ठरवावं लागेल, घेणाऱ्या बाईला ते वय सांगितलंच पाहिजे. दुसरं, डोनरच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या बँक करते, जोडप्याच्या तेव्हा झालेल्या असतात पण आता इतक्या वर्षांनी देताना दोघांनाही पुन्हा येऊन तपासणीसाठी रक्त द्यावं लागेल. म्हणजे ज्यांचा फोन लागत नाही त्यांचे भ्रूण यात येऊच शकत नाहीत, फक्त सईसारख्या समोर येऊन "हो" म्हणणाऱ्यांचे. आकडा लहानच राहील. तसं मसुद्यात लिहा, उगीच मोठी आशा दाखवू नका.